शेवटच्या नामावलीला कोणतं संगीत लावावं? (वाड्यावरची घरगुती फिल्म)

नारायणपेठी | सोमवार, रात्री १०:४०
नमस्कार मंडळी. आमचा नारायण पेठेतला वाडा या महिन्याच्या शेवटी पाडायला घेणार आहेत. पुनर्विकासाची बोलणी पाच वर्षं चालली होती, आता सह्या झाल्या. आतेभाऊ आणि मी गेले आठ महिने सुट्टीच्या दिवशी जाऊन शूटिंग करत होतो. एक मोबाइल, मैत्रिणीकडून मागून आणलेला एक कॅमेरा आणि कॉलरला लावायचा एक माइक, एवढंच सामान. दोघांनीही आधी असलं काही केलेलं नाही. जोडता जोडता २६ मिनिटांची फिल्म झाली आहे.

गाडी अडली आहे ती शेवटच्या नामावलीवर. १८ बिऱ्हाडं, ७४ नावं. कोणी मुलाखत दिली, कोणी जुने फोटो शोधून दिले, कोणी शूटिंग चालू असताना नळ बंद ठेवला. काही नावं आता हयात नसलेल्यांची आहेत. आतेभावाने तात्पुरतं म्हणून एका जुन्या मराठी सिनेमातलं, सगळ्यांच्या ओठांवर असलेलं गाणं लावलं. गाणं २ मिनिटं ४० सेकंदांचं, म्हणून नामावलीही तेवढी ताणली. घरी दाखवली तर सगळे रडले. आई म्हणते, हेच ठेवा. मला खटकतंय. रडू वाड्यासाठी येतंय की त्या गाण्यासाठी, तेच मला कळत नाहीये.

आधी एका छोट्या सभागृहात सगळ्या बिऱ्हाडांना दाखवायची आणि मग यूट्यूबवर टाकायची, कारण निम्मी मंडळी आता पुण्याबाहेर आहेत. गाणं ठेवू का काढू? काढलं तर काय लावू?

सिंहगडप्रेमी | रात्री १०:५८
काढा. अनुभवाने सांगतो. आमच्या ट्रेकच्या ग्रुपची १२ मिनिटांची फिल्म होती, शेवटी असंच एक गाणं लावलं होतं. चढवल्यावर दुसऱ्या दिवशी एका कंपनीचा गाण्याच्या हक्काचा दावा आला आणि काही देशांत फिल्म दिसेनाशी झाली. नेमकी माझी मावशी त्यातल्याच एका देशात. तिने पाठवलेला काळ्या पडद्याचा फोटो अजून फोनमध्ये आहे. मग गाणं बदलावं लागलं आणि ग्रुपमधल्या सगळ्यांना पुन्हा नवी लिंक पाठवत बसलो.

अर्धाचहा | रात्री ११:१५
मी उलट म्हणेन. आईचं ऐका. तुम्ही काही पैसे कमवायला फिल्म केलेली नाही. ज्या लोकांसाठी केली त्यांना जे भिडलं ते ठेवायचं. आणि दावा आला तर काय होतं? जाहिरात लागते आणि तिचे पैसे कंपनीला जातात, एवढंच ना? शिवाय ३० सेकंदांपर्यंत वापरलं तर चालतं असं ऐकलंय, तेवढाच तुकडा फिरवून फिरवून लावा.

निबंधक | मंगळवार, सकाळी ७:२०
अर्धाचहा, ३० सेकंदांचा नियम आपल्या कायद्यात कुठेही नाही. हा समज इतका पसरलाय की लग्नाचे व्हिडिओ करणारी व्यावसायिक मंडळीसुद्धा तो छातीठोकपणे सांगतात. थोडं सविस्तर लिहितो, कारण हा प्रश्न दर दोन-तीन महिन्यांनी कोणीतरी विचारतंच.

एका गाण्यात दोन वेगवेगळे हक्क असतात. एक रचनेचा, म्हणजे शब्द आणि चाल. दुसरा ध्वनिमुद्रणाचा, म्हणजे त्या दिवशी त्या गायकाने गायलेली, रेकॉर्डवर उतरलेली आवृत्ती. प्रताधिकार (कॉपीराइट) कायदा १९५७ चा. त्यानुसार शब्द आणि चालीचा हक्क रचनाकाराच्या हयातीत आणि त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं राहतो. ध्वनिमुद्रणाचा हक्क ते प्रसिद्ध झालं त्याच्या पुढच्या वर्षाच्या सुरुवातीपासून ६० वर्षं. या मुदती आधी ५० वर्षांच्या होत्या. रवींद्रनाथांचं निधन १९४१ मधलं, त्यांचं साहित्य मोकळं व्हायची वेळ आली आणि १९९२ मध्ये त्या ६० वर केल्या.

आता उदाहरण घ्या. १९६१ साली आलेल्या रेकॉर्डचा ध्वनिमुद्रणाचा हक्क २०२१ च्या अखेरीस संपला. पण गीतकार किंवा संगीतकार १९९० मध्ये गेले असतील तर गाणं २०५० पर्यंत बांधलेलंच आहे. म्हणून ‘जुनं आहे, चालेल’ हे अर्धंच खरं. परदेशातल्या मुदती आणखी वेगळ्या.

यूट्यूबवर कंटेंट आयडी नावाची यंत्रणा आहे. कंपन्यांनी दिलेल्या नमुन्यांशी प्रत्येक नव्या व्हिडिओचा आवाज आपोआप ताडून पाहिला जातो. जुळला तर काय करायचं ते हक्कदार ठरवतो: नुसती आकडेवारी बघायची, जाहिरात लावायची, की व्हिडिओ अडवायचा. तेव्हा ‘फक्त जाहिरात लागते’ असं धरून चालू नये. आज जाहिरात असली तरी उद्या तो निर्णय बदलू शकतो.

फुकट संगीत हवं असेल तर यूट्यूबचीच ऑडिओ लायब्ररी आहे. क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याचंही भरपूर मिळतं, पण परवान्याची अक्षरं वाचा. ‘बीवाय’ म्हणजे श्रेय द्या. ‘एनसी’ म्हणजे व्यापारी वापर नको. ‘एनडी’ असेल तर मूळ कृतीत बदल करून वाटायचं नाही, आणि चित्राबरोबर संगीत जुळवणं हा त्या परवान्याच्या भाषेत बदलच धरला जातो. म्हणजे गाण्याला कात्री न लावताही ‘एनडी’ संगीत व्हिडिओखाली लावता येत नाही. इथे भले भले फसतात.

अर्धाचहा | सकाळी ७:४५
३० सेकंदांचं मागे घेतो. हे माहीत नव्हतं, धन्यवाद. आईचं ऐका हे मागे घेत नाही.

ओसरी | सकाळी ९:०५
वाडा म्हटल्यावर राहवलं नाही. माझं लहानपण सदाशिव पेठेत अशाच वाड्यात गेलं. कडीपाटाची जमीन, पावसाळ्यात चौकात साचलेलं पाणी आणि त्यात सोडलेल्या होड्या. आता तिथे पाच मजली इमारत आहे.

सुचवायचं म्हणजे पसायदान. ज्ञानेश्वरी शके १२१२ ची, म्हणजे इसवी सन १२९० ची, शब्दांवर कोणाचा हक्क असायचा प्रश्नच नाही. कोणा मोठ्या गायिकेचं ध्वनिमुद्रण घेऊ नका, वाड्यातल्या बायकांकडूनच म्हणवून घ्या. आपल्याकडे शेवट करायची रीत फार जुनी आहे हो. मैफलीला भैरवी, संगीत नाटकाला भरतवाक्य, कीर्तनाला हेचि दान. सुरुवातीला नांदी असते तसंच हे. शेवटच्या नामावलीचं संगीत म्हणजे आपली भैरवीच.

रानजाई | सकाळी ९:३०
ओसरी, भैरवीची गोष्ट अगदी पटली, पण पसायदान नको. मला ते अतिशय प्रिय आहे, म्हणूनच नको. शाळेच्या परिपाठापासून सोसायटीच्या हळदीकुंकवापर्यंत प्रत्येक कार्यक्रमाची सांगता त्यानेच होते. त्यामुळे पहिली ओळ सुरू झाली की लोक चपला शोधायला लागतात. ७४ नावं वाचायची आहेत आणि सभागृह उठून उभं राहिलेलं, असं होईल.

ओसरी | सकाळी ९:४१
चपलांचं खरं आहे. आमच्या मंडळात मीच आधी उठते, कारण चहाची जबाबदारी माझ्याकडे असते.

डहाणूकरवासी | सकाळी १०:१०
विषयांतराबद्दल क्षमस्व, पण धाग्याच्या नावात ‘नामावली’ वाचून आनंद झाला. हल्ली सगळे ‘एंड क्रेडिट्स’ म्हणतात. श्रेयनामावली हा शब्द मराठीत छान रुळलेला आहे. आमच्या नाट्यसंस्थेच्या पत्रिकेवर ‘ऋणनिर्देश’ छापत असू.

सिंहगडप्रेमी | सकाळी १०:२२
ऋणनिर्देश म्हटलं की मला पीएचडीचा प्रबंध आठवतो. श्रेयनामावली चांगलं.

समेवरचा | दुपारी १:३५
जेवणाच्या सुट्टीत लिहितोय. लांबीबद्दल अजून कोणी बोललंच नाही. नारायणपेठी, तुम्ही गाण्याच्या मापाने नामावली ताणलीत. उलट करा. आधी नावांना किती वेळ लागतो ते मोजा आणि मग संगीत तेवढं बेता.

हिशोब करून दाखवतो. पडदा १०८० ओळींचा, फिल्म सेकंदाला २५ चौकटींची (फ्रेम्सची) असं धरू. नावं खालून वर सरकताना प्रत्येक चौकटीला पूर्ण ३ पिक्सेल सरकवा. अडीच, पावणेतीन असं नको, अक्षरं थरथरतात. म्हणजे सेकंदाला ७५ पिक्सेल, आणि एक नाव खालच्या कडेपासून वरच्या कडेपर्यंत १४.४ सेकंद पडद्यावर राहतं. चष्मा शोधून लावायलाही पुरतं. एका नावाला ६० पिक्सेल जागा, तर ७४ नावांना ४,४४०. दर बिऱ्हाडाच्या मथळ्याला मोकळ्या जागेसकट १२० धरले तर १८ चे २,१६०. शेवटचं नाव वर निघून जायला आणखी १,०८०. बेरीज ७,६८०. भागिले ७५ म्हणजे १०२ सेकंदांच्या जरा वर. तुम्हाला १ मिनिट ४२ सेकंदांचं संगीत हवंय, २ मिनिटं ४० सेकंदांचं नाही. त्या जास्तीच्या मिनिटात लोक गाण्याकडे वळले असणार आणि नावं मागे राहिली असणार. तुम्हाला खटकतंय ते बहुधा हेच.

आता लयीचं. संगीत मध्येच फिकं करत नेऊन संपवू नका, समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, संपवा. मध्य लयीत, मिनिटाला १२० मात्रा धरल्या, तर तीनतालाच्या १६ मात्रांचं एक आवर्तन ८ सेकंदांचं. १३ आवर्तनं म्हणजे १०४ सेकंद. शेवटच्या आवर्तनात तिहाई घ्या, म्हणजे एकच तुकडा तीनदा वाजवून समेवर या, आणि सम आली की पडदा काळा. लोकांना तालाचं शास्त्र कळो न कळो, संपलं हे अंगाला कळतं. वाड्यात कोणी तबला वाजवणारं नसेल तर मी येतो. लक्ष्मी रस्त्यापलीकडेच राहतो, पैसे नकोत.

नारायणपेठी | दुपारी ३:५०
समेवरचा, डोळ्यांत पाणी आलं हो. तुमच्या हिशोबाने आजच नामावली पुन्हा बांधून बघते. मोबाइलचं शूटिंग ३० चौकटींचं आहे आणि कॅमेऱ्याचं २५ चं, तेही निस्तरायचंय.

कानसेन | दुपारी ४:२०
मोबाइलचं एकदा नीट तपासा. बरेच मोबाइल चौकटींचा वेग स्थिर ठेवत नाहीत, कमीजास्त करत राहतात. लांब मुलाखतीत शेवटी शेवटी ओठ आणि आवाज यांची फारकत होते ती त्यामुळेच. जोडणीआधी फुटेज ठरावीक वेगात बदलून घ्या.

संगीताबद्दल माझं मत वेगळं आहे. काहीच लावू नका. वाड्याचा आवाज लावा. पाडकाम सुरू व्हायच्या आत एका पहाटे चौकात मोबाइल ठेवून अर्धा तास नुसतं मुद्रण करा. जोडणीत मुलाखतींच्या फटी भरायलाही ते लागेलच. पारवे, पायऱ्या, कोणाच्या तरी घरातल्या बातम्या. हा आवाज पुढच्या महिन्यात जगात कुठेच मिळणार नाही. सिनेमातलं गाणं उद्याही मिळेल.

पूररेषा | संध्याकाळी ६:००
वयाने मी इथे सगळ्यांत मोठा असेन. १२ जुलै १९६१ ला पानशेतचं धरण फुटलं तेव्हा नारायण पेठेतच होतो, सात वर्षांचा. वडिलांनी खांद्यावर घेऊन मला गावात आणलं. परतलो तेव्हा आमच्या वाड्याच्या भिंतीवर पाणी कुठपर्यंत चढलं होतं त्याची चिखलाची रेघ होती. पुढे भिंतीला रंग दिला तरी आजोबांनी तेवढी पट्टी तशीच ठेवायला लावली. तुमच्या वाड्यात अशी खूण असेल तर ती घ्यायला विसरू नका.

प्रश्नाबद्दल. नावं शेवटीच का हवीत? आमच्या लहानपणी सिनेमाच्या सुरुवातीलाच सगळी नामावली असायची, शेवटी फक्त ‘समाप्त’. प्रभात फिल्म कंपनी १९३३ मध्ये कोल्हापूरहून पुण्याला आली, त्यांचे सिनेमे बघा, आधी तुतारी आणि मग नावं. १९६० पासून त्याच आवारात फिल्म इन्स्टिट्यूट आहे. नावं सुरुवातीला घेतलीत तर बिऱ्हाडांची मंडळी आपलं नाव बघून सावरून बसतील. उठून जायचा प्रश्न मिटेल आणि संगीताचाही.

रानजाई | संध्याकाळी ६:२५
पूररेषा काका, कल्पना सुरेख आहे, पण सुरुवातीला ती नावं नुसती नावं असतील. २६ मिनिटांनंतर त्या प्रत्येक नावाला खोली असेल, जिना असेल. माझ्या मते शेवटीच हवीत. रेघेबद्दल वाचून मात्र अंगावर काटा आला.

ओसरी | संध्याकाळी ६:५०
कानसेन, मला नुसते आवाज कोरडे वाटतात. इतक्या जणांचा निरोप घ्यायचा आणि एकही सूर नाही? आपल्याकडे मयताच्या घरीसुद्धा तेराव्यानंतर गोड करतात.

आणि ‘ज्याचा शेवट त्याचाच आवाज’ असं हवं असेल तर पुण्यातच मोठं उदाहरण आहे. गायक सवाई गंधर्व १९५२ मध्ये गेले, त्यांच्या नावाचा संगीत महोत्सव १९५३ पासून. इतके दिग्गज गाऊन जातात, पण सांगता होते ती खुद्द सवाई गंधर्वांच्या जुन्या रेकॉर्डने. ती भैरवीच आहे. रेकॉर्ड खरखरते, पण ती सुरू झाल्यावर थंडीत शाल लपेटून बसलेला मंडप कसा गप्प होतो ते ज्याने अनुभवलंय त्याला वेगळं सांगायला नको.

अर्धाचहा | रात्री ८:१०
मग सोपा मार्ग आहे ना. वाड्यात गाणारं-वाजवणारं कोणीतरी असेलच की. नारायण पेठेत अठरा बिऱ्हाडांत एक तरी पेटी असणारच.

नारायणपेठी | रात्री ११:३०
अर्धाचहा, पेट्या आहेत, पंधरा-वीस तरी! जिन्याखालच्या खोलीत पेटी दुरुस्त करणारे काका आहेत. वाडा रिकामा व्हायला लागला तरी ते अजून बसतात, कारण गिऱ्हाइकांच्या पेट्या द्यायच्या आहेत. ते स्वतः वाजवत नाहीत. विचारलं तर म्हणतात, मला फक्त एकेक सूर वाजवता येतो. फिल्ममध्ये त्यांचा चार मिनिटांचा भाग आहे. आज या धाग्यामुळे त्यांचं सगळं कच्चं फुटेज परत बघितलं, जवळजवळ ५० मिनिटांचं आहे.

खोली इतकी लहान की पेटी उघडली की पाय बाहेर जिन्यावर येतात. ते झाकण काढून पितळी सुरांची, म्हणजे आवाज काढणाऱ्या जिभांची, पाटी बाहेर घेतात. सूर गुजरातेतल्या पालिताण्याहून येतात म्हणाले. सुराच्या जिभेखाली कागदाएवढी पातळ पोलादी पट्टी सरकवतात, म्हणजे जीभ वाकत नाही, आणि बारीक कानशीने दोन-तीनदा घासतात. टोकाशी घासलं की सूर चढतो, मुळाशी घासलं की उतरतो. मग पाटी परत बसवून भाता मारायचा, पट्टी दाबायची, ऐकायचं. परत काढायची. एका सुरासाठी आठ-दहा वेळा. एका पट्टीला दोन सूर, नर आणि मादी. नर सूर आधीच लागलेला असतो आणि मादी सूर त्याच्याशी मिळवायचा असतो. दोन्ही एकदम वाजले की आधी ‘वँव वँव वँव’ असा आवाज येतो. ते मान तिरकी करून म्हणतात, ‘लाटा आहेत अजून.’ पुन्हा कानस. मग लाटा संथ होतात. शेवटी एकच सरळ सूर उरतो, तेव्हा ते काही बोलत नाहीत, नुसती पुढची पट्टी दाबतात.

हे सगळं आहे माझ्याकडे. पण हे संगीत नाही ना?

कानसेन | रात्री ११:४४
नारायणपेठी, थांबा. तुमची नामावली सापडली.

त्या लाटांमागचं शास्त्र सोपं आहे. एक सूर सेकंदाला २४० कंपनांचा आणि दुसरा २४३ चा असेल तर सेकंदाला ३ लाटा ऐकू येतात. फरक १ वर आला की सेकंदाला एक लाट. फरक मिटला की लाट मिटते. काकांचं सगळं कसब त्या लाटा मोजण्यात आहे. काळ्या पडद्यावर नावं सरकतायत, खाली आधी जलद लाटा, मग कानशीचा आवाज, मग जरा संथ लाटा, परत कानस. शेवटचं बिऱ्हाड वर जाताना दोन सुरांचा एक सूर होतो. कोणाला काही समजावून सांगायची गरज नाही, २६ मिनिटांत त्यांनी हे एकदा बघितलेलंच असेल.

ओसरी, तुम्हाला सूर हवा होता, हा सूर आहे. मला वाड्याचा आवाज हवा होता, तोही हाच.

समेवरचा | बुधवार, सकाळी ६:५०
माझी तिहाई मी आनंदाने परत घेतो. कानसेन, सम म्हणजे तरी दुसरं काय असतं? जिथे वेगळे चाललेले दोघे एका जागी येतात ती जागा. फक्त एक करा, शेवटच्या सरळ सुराला पूर्ण भाताभर वाजू द्या. हवा संपेल तसा तो आपोआप विरेल. यंत्राने फिका करू नका.

अर्धाचहा | सकाळी ८:१५
मला शंका आहे आणि ती मनापासून मांडतो. पावणेदोन मिनिटं बेसूर ऐकवणार? वाड्यातल्या आज्या ऐंशीच्या घरातल्या. सभागृहाच्या मोठ्या स्पीकरवर ते ‘वँव वँव’ कानात घुसेल. कागदावर सुंदर वाटणारी गोष्ट कानाला तशी वाटेलच असं नाही. आधी एका आजीला ऐकवा. तिने कपाळाला आठी घातली तर नाद सोडा.

रानजाई | सकाळी ८:३०
अर्धाचहा यांच्याशी पहिल्यांदाच सहमत. आजीची चाचणी हवीच.

कानसेन | सकाळी ९:००
रास्त आहे. म्हणून तांत्रिक सूचना. कॅमेऱ्यातला आवाज वापरू नका, पुन्हा मुद्रण करा. मोबाइलच्या नेहमीच्या रेकॉर्डरमध्ये आवाजाची पातळी आपोआप वरखाली होते. शांतता आली की तो आवाज वाढवतो, सूर आला की दाबतो, आणि लाटांचा चढउतारच मारला जातो. ते बंद करता येईल असं अॅप घ्या, सॅम्पल रेट ४८ किलोहर्ट्झ ठेवा आणि फोन विमान मोडवर. फोन पेटीच्या पाटावर ठेवू नका, भात्याचे धक्के लागतील. वेगळ्या स्टुलावर घडी केलेला टॉवेल, त्यावर फोन, पेटीपासून हातभर दूर. खर्जाचे सूर बंद ठेवायला सांगा, नर-मादी दोनच.

पातळीबद्दल, नामावलीचा आवाज मुलाखतींपेक्षा किंचित खालीच ठेवा. साधारण -१४ एलयूएफएसच्या (आवाज कानाला किती मोठा लागतो त्याचं माप) वर गेलं तर यूट्यूब स्वतःच खाली आणतं, त्यामुळे मोठा करून फायदा काही नाही. सभागृहात आधी जाऊन शेवटच्या रांगेत बसून ऐका.

निबंधक | सकाळी ९:१०
हक्काच्या दृष्टीने हे सगळ्यांत निर्धोक. तरी काकांची लेखी संमती घ्या. साध्या कागदावर, तारखेसह, ‘माझ्या कामाचा आवाज या फिल्मसाठी वापरायला हरकत नाही’ एवढं पुरे. मुलाखत देणाऱ्या सगळ्यांचीच घेऊन ठेवा.

पूररेषा | सकाळी ११:००
माझी सुरुवातीच्या नामावलीची सूचना मागे. हे ऐकायला मी स्वतः येईन. पुराच्या खुणेचं काय झालं?

नारायणपेठी | रविवार, रात्री ९:५५
चार दिवस गायब होते, आता सगळं सांगते.

शनिवारी सकाळी सहाला मुद्रण केलं. समेवरचा स्वतः आले होते, तबला न आणता. त्यांनी दोन तास स्टूल धरून ठेवलं, कारण कडीपाटाच्या जमिनीवर कोणी वरून चाललं की ते हलायचं. काकांनी मुद्दाम एक उतरलेला मादी सूर निवडला. काळी चारचा सा. म्हणाले, ‘वाड्यातल्या सगळ्या पेट्या याच पट्टीतल्या असायच्या, बायका याच पट्टीत गातात.’ अकरा वेळा पाटी काढली आणि बसवली. त्यातले आठ तुकडे घेतले. बरोबर १ मिनिट ४२ सेकंद.

सहाव्या तुकड्यात पहिल्या मजल्यावरून कुकरची शिट्टी आली आहे. आतेभाऊ म्हणाला काढू या, मी म्हटलं राहू दे. त्या मजल्यावर आता एकच बिऱ्हाड उरलंय आणि शिट्टी त्यांची आहे. त्यांची नावं पडद्यावर येतात त्याच सुमारास ती वाजते. हे ठरवून केलेलं नाही.

आजीची चाचणी झाली. खोली क्रमांक ९ मधल्या आजी, वय ८४. त्यांना मोठ्या स्पीकरवर ऐकवलं. पहिल्या दोन तुकड्यांना आठी पडली, अर्धाचहा यांचं खरं होतं. म्हणून पहिल्या दोन तुकड्यांची पातळी आणखी खाली आणली. पुढे त्या डोळे मिटून ऐकत होत्या. शेवटचा सूर विरल्यावर म्हणाल्या, ‘लागली बाई एकदाची.’ रोज दुपारी झोपमोड करणारा आवाज म्हणून त्या त्याला पन्नास वर्षं ओळखतात.

आई अजून म्हणते गाणं बरं होतं. पण या वेळी ती नावं वाचत होती. बोट धरून, एकेक. मध्येच म्हणाली, ‘अगं, माळ्यावरच्या काकूंचं नाव राहिलं.’ खरंच राहिलं होतं. आता ७५ नावं आहेत, आणि समेवरचा, तुमच्या हिशोबाने पाऊण सेकंद वाढला. शेवटच्या भात्यात तो मावला.

पूररेषा काका, खूण सापडली. जिन्याखालच्या खोलीतच, पेट्यांच्या रॅकमागे. रॅक हलवल्यावर दिसली, माझ्या कपाळाच्या वर. काका म्हणाले, मला माहीत होती, म्हणूनच पेट्या त्याच्यावरच्या फळीवर ठेवतो. फिल्ममध्ये घेतली आहे. सभागृहाची तारीख नक्की झाली की तुम्हा सगळ्यांना कळवते.

ओसरी | रात्री १०:०५
‘लागली बाई एकदाची’ वाचून मी इकडे रडतेय.

अर्धाचहा | रात्री १०:१२
मी सभागृहाच्या शेवटच्या रांगेत बसेन. पेटीवाल्या काकांच्या नावापुढे ‘संगीत’ असं मोठ्या अक्षरांत लिहा.

नारायणपेठी | रात्री १०:२०
लिहिलं होतं. त्यांनी ते बदलायला लावलं. आता तिथे ‘दुरुस्ती’ असं आहे.